मुलांच्या हाती देश देताना

पंधरा ऑगस्ट हा दिवस आपल्या कॅथोलिक घरांत दुहेरी सणाचा असतो. मुले सकाळी धुतलेला गणवेश घालून ध्वजवंदनाला जातात आणि त्याच दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या मिस्सालाही हजर राहतात. मरियेचा हा सण ख्रिस्तसभा शतकानुशतके साजरा करीत आली आहे; पोप बारावे पायस यांनी १९५० साली या श्रद्धेची सिद्धान्त म्हणून अधिकृत घोषणा केली. त्याच तारखेला १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि भारतातील कॅथोलिक माणसाच्या दिनदर्शिकेतील एकाच चौकटीत दोन आनंद शेजारी येऊन बसले. लहान मुलाला त्यात काही अवघड वाटत नाही. एका हातात जिलेबीचा पुडा आणि दुसऱ्या हातात कागदी तिरंगा घेऊन ते चर्चच्या पायऱ्या चढते. देव आणि देश यांच्यात काही ओढाताण असू शकते, हा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. ती ओढाताण पुढे मोठी माणसे त्याला शिकवतात. कधी बाहेरची, तर कधी घरचीसुद्धा.

पलूसच्या परिसरात आपली कुटुंबे थोडी आहेत आणि विखुरलेली आहेत. कोणी कारखान्यात, कोणी शाळेत, कोणी रुग्णालयात नोकरीस. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत जायचे तर मध्ये द्राक्षबागा आणि उसाचे फड लागतात. धर्मशिक्षणाच्या वर्गाला दहा-बारा मुले जमली तरी वर्ग भरला असे आम्ही समजतो. या वर्गात ऑगस्ट महिना आला की आम्ही मुलांना एक प्रश्न नेमाने विचारतो : देशावर प्रेम करायचे म्हणजे काय करायचे? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. सीमेवर जाऊन लढायचे, झेंड्याला सलाम करायचा, मोठ्याने जयजयकार करायचा. ही उत्तरे चुकीची नव्हेत. सातारा-सांगलीच्या गावागावांतून सैन्यात गेलेली माणसे आहेत आणि त्यांच्याविषयी मुलांना अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु या सर्व उत्तरांमधला देश मुलांपासून फार दूर असतो. तो हिमालयात असतो, दिल्लीत असतो, दूरदर्शनच्या पडद्यावर असतो. शाळेच्या आवारातला गळका नळ, एसटी स्टँडवरचा कचरा, कृष्णेचे पाणी यांपैकी कशाचाही त्या उत्तरांत उल्लेख नसतो.

एके वर्षी मात्र या प्रश्नावर एका मुलाने उलट आम्हालाच प्रश्न केला. तो चौथीत शिकत होता. म्हणाला, "फादर, वर्गातला एक पोरगा म्हणतो, तुमचा देश इंग्लंड हाय. मग आपला देश कुठला?" वर्गात शांतता पसरली. मुलाला न्यायला आलेली त्याची आई दारातच उभी होती. ती घाईने म्हणाली, "असल्यांच्या नादी लागू नको म्हणून सांगितलंय ना तुला? गप बसत जा." तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आम्ही मुलाला जवळ बोलावले आणि विचारले, "तुझ्या आजोबांना कुठे पुरलंय रे?" "मिरजेला." "आणि तू पाणी कुठलं पितोस?" "कृष्णेचं." "मग आता तूच सांग, तुझा देश कुठला?" त्याने जरा विचार केला आणि ठामपणे म्हणाला, "पलूस." मुले हसली. आम्हाला मात्र ते उत्तर हसण्यासारखे वाटले नाही. देशाची सुरुवात जिथून व्हावी, नेमकी तिथूनच त्याने ती केली होती.

त्या आईची भीती आम्ही समजू शकतो. संख्येने थोडे असलेल्या समाजात आईबाप मुलांना दोनपैकी एका वळणावर नेतात. काही घरांत मुलाला शिकवले जाते की, तू इतरांपेक्षा अधिक मोठ्याने घोषणा दे, तुझ्या छातीवरचा झेंडा इतरांपेक्षा मोठा असू दे, म्हणजे तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही. अन्य घरांत शिकवले जाते की, तू कशातच पडू नकोस. आपण बरे, आपले चर्च बरे. पहिल्या घरातले मूल देशप्रेमाची परीक्षा देत राहते आणि परीक्षक कोण, हे त्याला कधीच कळत नाही. दुसऱ्या घरातले मूल स्वतःच्याच गावात पाहुण्यासारखे राहते. दोन्ही घरांतील आईबाप प्रेमापोटीच असे वागतात, हे खरे. तरीही दोन्ही शिकवणुकींचा पाया भीती हाच आहे आणि भीतीच्या पायावर नागरिक उभा राहत नाही. देशप्रेम सिद्ध करून दाखवायचे नसते, बजावायचे असते. आणि बजावायचे ते आपल्या हाताच्या अंतरावर असलेल्या गोष्टींत. मुलांना जर काही शिकवायचे असेल तर हेच, असे आमचे मत आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेची आहे. दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखण्यास सांगते. देशाविषयीचे कर्तव्य आपली श्रद्धा याच आज्ञेखाली शिकवते. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात नागरिकांची कर्तव्ये याच आज्ञेच्या विवेचनात सांगितली आहेत. कर भरणे, मतदान करणे, देशाचे रक्षण करणे ही कर्तव्ये तेथे नावानिशी येतात. त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी आईवडील आणि मायभूमी यांचे ऋण एकाच सद्‌गुणाखाली मांडले होते. याचा अर्थ आम्ही असा घेतो : देशप्रेम हे कृतज्ञतेच्या जातीचे आहे. आई आपलीच आहे हे कोणी मुलाकडून सिद्ध करून घेत नाही. मूल आजारी आईला पाणी नेऊन देते, एवढेच. प्रभू येशूनेही यरुशलेम नगरी दृष्टीस पडताच अश्रू ढाळले, असे संत लूक सांगतो. ते अश्रू त्या नगरीच्या भवितव्यासाठी होते. मंदिराचा कर मागणारे दारी आले तेव्हा त्याने तो पेत्राकरवी भरविला. मरिया आणि योसेफ यांनी अवघडलेल्या अवस्थेतही नावनोंदणीसाठी बेथलेहेमची वाट धरली. आपल्या तारणाचा इतिहास एका सरकारी नोंदणीच्या रांगेशी जोडलेला आहे, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली एक पथ्यही सांगून ठेवले आहे. नागरिकांनी उदार आणि निष्ठावंत देशप्रेम जोपासावे, मात्र मन संकुचित होऊ देऊ नये. साऱ्या मानवकुटुंबाच्या हितावरही त्यांची दृष्टी असावी, असा त्या शिकवणुकीचा आशय आहे. स्वतःच्या आईवर प्रेम करण्यासाठी दुसऱ्याच्या आईचा अपमान करावा लागत नाही, हे मुलाला सहज पटते. ते पटलेले असतानाच मनात रुजवावे. पुढे ते पटवून देणे कठीण जाते.

आता हे रुजवायचे कशाच्या आधारे? त्यासाठी आपल्याला दूर जायला नको. पलूसपासून जवळच कुंडल गाव आहे. आजचा पलूस तालुका १९९९ साली झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या काळी हा सारा मुलूख जुन्या सातारा जिल्ह्याच्या आणि लहानमोठ्या संस्थानांच्या हद्दींत विभागलेला होता. कुंडल हे औंध संस्थानात मोडत असे. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी घटना लागू केली. तिच्या आखणीत महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते आणि गावचा कारभार गावच्या पंचायतीने पाहावा, हे तिचे सूत्र होते. देशाला स्वातंत्र्य मिळण्यापूर्वी आठ वर्षे या मातीतल्या शेतकऱ्यांना स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा धडा मिळाला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पुढे १९४२ ची चळवळ पेटली आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्याच्या शेकडो गावांवर त्याचा प्रभाव होता आणि कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते. जी. डी. बापू लाड आणि 'कॅप्टन भाऊ' या नावाने ओळखले जाणारे रामचंद्र श्रीपती लाड हे त्याच्या तुफान सेनेचे अग्रणी. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वेगाडी या सेनेने अडविली. इकडच्या मुलांना ही हकीकत ठाऊक असते, आणि ती सांगताना ती रंगून जातात. रुळांवर रचलेले दगड, थांबलेले इंजिन, अंधारात पसार झालेले तरुण. कोणत्या मुलाला हे आवडणार नाही?

परंतु कथा तिथेच संपवली तर मुलाच्या हाती केवळ साहस लागते. कथेचा दुसरा अर्धा भाग सांगणे हे शिक्षकाचे आणि आईवडिलांचे काम आहे. ती रक्कम कोणाच्या घरी गेली? ती चळवळीच्या आणि गोरगरिबांच्या कामी आली, असे कॅप्टन भाऊ सांगत. २०२२ साली वृद्धापकाळी त्यांचे निधन झाले, तोवर या परिसरातील लोकांना त्यांच्याच तोंडून हे ऐकता येत होते. ज्यांनी परकीय सरकारचा कायदा मोडला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःसाठी त्याहून कडक कायदा केला, हे मुलांना कळले पाहिजे. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे स्थापन केली. पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलेले जमिनीचे तंटे तेथे मिटविले जात. दारूबंदी झाली. दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला. लग्नातला खर्च आणि कर्ज यांतून शेतकरी सुटावा म्हणून थोडक्या खर्चातले 'गांधी विवाह' लावले गेले. राज्य उलथून टाकणे हे काही दिवसांचे काम असते. पण शेजाऱ्याच्या बांधाचा तंटा निःपक्षपातीपणे सोडविणे आणि गावच्या पैशाचा चोख हिशेब ठेवणे हे रोजचे काम असते. या माणसांनी दोन्ही केले. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण दुसऱ्या कामात आहे.

या इतिहासाला एक कठोर बाजूही आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. खबरे आणि गुंड यांना दिलेल्या शिक्षा अमानुष असत. 'पत्री सरकार' हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव त्या शिक्षांवरूनच पडले, असे सांगतात. धर्मगुरू या नात्याने आम्ही त्या शिक्षांचे समर्थन करू शकत नाही, आणि सहावी-सातवीतल्या मुलांना आम्ही तसे स्पष्ट सांगतो. त्याच वेळी हेही सांगतो की, अन्यायी हुकूम पाळू नये, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी, हे प्रेषितांनी न्यायसभेपुढे उभे राहून सांगितले होते. शूर माणसांच्या हातूनही अतिरेक होऊ शकतो आणि म्हणून ती माणसे खोटी ठरत नाहीत. असा पुरा इतिहास ऐकलेले मूल पुढे कोणाच्या आंधळ्या भक्तीतही सापडत नाही आणि कोणाच्या निंदेतही.

नाना पाटलांच्या चरित्रातील एक गोष्ट तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवी. ज्यांनी समांतर सरकार चालविले, भूमिगत राहून इंग्रजी पोलिसांना वर्षानुवर्षे हुलकावणी दिली, तेच नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून मतपेटीच्या वाटेने लोकसभेत गेले. सरकार आपले नव्हते तेव्हा त्यांनी ते नाकारले. सरकार आपले झाल्यावर त्याच्याशी भांडण्यासाठीही त्यांनी मतपत्रिकेचाच मार्ग धरला. राज्यकर्त्यांविरुद्ध बोलणे म्हणजे देशाविरुद्ध बोलणे, असा जो घोटाळा मुलांच्या मनात होतो, तो दूर करायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

हे झाले इतिहासाचे. पण आपल्या मुलांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेला एक धडा त्याहून जवळचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. येरळा आणि कृष्णा यांच्या संगमाकाठचे, आपल्याच तालुक्यातील ब्रह्मनाळ गाव पाण्याने वेढले गेले. ८ ऑगस्ट रोजी लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि स्त्रिया व मुले यांच्यासह अनेकांना जलसमाधी मिळाली. ती नाव गावाची होती. जीव वाचविण्यासाठी धडपडणारी, क्षमतेहून अधिक माणसे तिच्यात होती. त्या माणसांना दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? घरात पाणी शिरलेले असताना रांगेत थांबणे किती कठीण असते, हे काठावर कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्याने बोलू नये. परंतु आम्ही मुलांपुढे प्रश्न ठेवतो तो दुसरा आहे : गावाची नाव कोणाची? पूर नसतो तेव्हा ती कोण पाहतो? तिच्यात अंगात घालायची तरंगणारी जाकिटे किती आहेत, हे कोणी मोजावे? ग्रामसभेत हा प्रश्न कोणी विचारावा?

मुले प्रथम म्हणतात, सरपंचांनी. मग कोणीतरी म्हणते, तलाठ्यांनी. मग जरा वेळाने एखादी मुलगी हळूच म्हणते, "आपण पण विचारू शकतो ना, फादर?" त्या क्षणी त्या वर्गात एक नागरिक जन्माला येतो, अशी आमची भावना आहे. सार्वजनिक वस्तू ही कोणाचीच नसते, असे आपल्याकडे धरून चालतात. ती सर्वांची असते, म्हणजे तिच्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो, हे पुराने आपल्याला फार मोठी किंमत घेऊन शिकविले. त्याच पुरात दुसरेही दृश्य होते. जात, धर्म, पक्ष न विचारता माणसांनी माणसांना खांद्यावरून बाहेर काढले; महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून धान्य, कपडे, औषधे घेऊन गाड्या आल्या. तेव्हा देश म्हणजे काय, ते मुलांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पालकांनी घरी काय करावे, असे आम्हाला विचारले जाते. यासाठी वेगळा अभ्यासक्रम नको. पाच-सहा वर्षांच्या मुलाला फक्त वस्तूंची राखण शिकवावी. चालू राहिलेला सार्वजनिक नळ दिसला तर थांबून बंद करणे, एसटीच्या बाकाचे रेक्झिन न फाडणे, सोळा ऑगस्टला रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे उचलून आणणे, एवढ्यात त्याचे देशप्रेम पुरेसे आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला न्यायाची जाणीव तीव्र असते. खेळात कोणी लबाडी केली की ते तावातावाने भांडते. त्या वयात त्याला रांग, नियम आणि दुसऱ्याची पाळी यांचे मोल सांगावे. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याच्या हाती संविधानाची उद्देशिका द्यावी आणि तिच्यातला एकेक शब्द त्याच्याशी बोलत बोलत उलगडावा. मूलभूत कर्तव्यांची कलमे १९७६ साली संविधानात आली. २००२ साली त्यांत अकरावे कर्तव्य जोडले गेले, ते सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे. म्हणजे हे कर्तव्य आईबापांवरच आहे, हेही मुलाला कळू द्यावे!

एक गोष्ट मात्र आवर्जून करावी. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे आणि २ ऑक्टोबर या दिवसांना जोडून ग्रामसभा भरविण्याची रीत आहे. पलूस हे आता नगरपरिषदेचे गाव असले तरी भोवतालच्या खेड्यांत ग्रामसभा भरते. ध्वजवंदन झाले, मिस्सा झाला, जिलेबी खाऊन झाली की मुलाला घेऊन तासभर त्या सभेत जाऊन बसावे. तेथे त्याला कंटाळा येईल, गोंगाट दिसेल, कदाचित भांडणही दिसेल. दिसू द्यावे. लोकशाही अशीच असते आणि आपली खुर्ची तेथे रिकामी असेल तर आपल्या वतीने दुसरे कोणी बोलणार नाही, हे त्याच्या ध्यानात येईल. गप्प बसण्याची शिकवण मोडण्याचा याहून साधा उपाय आम्हाला दिसत नाही.

आणि घरातील वागणुकीचे काय? विजेच्या तारेवर आकडा टाकून ज्या घरात टीव्ही चालतो, त्या घरात स्वातंत्र्यदिनाचे संचलन पाहून मूल काय शिकेल? करचुकवेगिरी आणि सार्वजनिक मालमत्तेची नासधूस ही सातव्या आज्ञेविरुद्धची पापे आहेत, असे ख्रिस्तसभा स्पष्ट शिकवते. तरीही प्रायश्चित्त संस्कारासाठी येणारी माणसे रागाचे, मत्सराचे, चुकलेल्या प्रार्थनेचे पाप आठवून आठवून काढतात आणि सरकारी वस्तूची चोरी त्यांना पाप वाटतच नाही, हा सर्वसाधारण अनुभव आहे. सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करताना मुलांना एक प्रश्न जोडून द्यावा : आज मी सर्वांच्या मालकीचे काही बिघडवले का? ही सवय लहानपणी लागली की मोठेपणी निराळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

देशप्रेम आणि श्रद्धा यांच्यात खरोखरच पेच पडला तर काय, असेही मोठी मुले विचारतात. त्यांना आम्ही केरळमधील तीन शाळकरी भावंडांची हकीकत सांगतो. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, परंतु आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला; आदराने उभे राहणे हा राष्ट्रगीताचा अवमान नव्हे, असा निर्वाळा दिला. आपण कॅथोलिक राष्ट्रगीत आनंदाने गातो. त्या पंथाची मते आपली नव्हेत. तथापि तीन अनोळखी मुलांच्या विवेकबुद्धीसाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय उभे राहिले, ही गोष्ट ऐकून मुलांच्या मनात या देशाविषयी जो आदर उत्पन्न होतो, तो कोणत्याही सक्तीने उत्पन्न झाला नसता.

राहिला तो चौथीतल्या मुलाचा प्रश्न. त्याच्यासारख्या मुलांना आपल्या समाजाचा इतिहास माहीत असावा. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि वकील जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा हे माझगावचे कॅथोलिक. १९१६ साली बेळगावात स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष होते. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते आणि येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हे समितीचे सभासद होते. विधिमंडळांत धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवू नयेत, असा विचार १९४९ साली पुढे आला, तेव्हा या दोघांनी त्याला पाठिंबा दिला. शेजाऱ्यांच्या सद्भावनेवर विश्वास टाकून त्यांनी हे पाऊल उचलले. तो विश्वास राखणे ही आता दोन्ही बाजूंची जबाबदारी आहे.

ही नावे मुलांना सांगताना एक सावधगिरी बाळगावी. ती कोणाच्या तोंडावर फेकण्याचे दाखले म्हणून सांगू नयेत. घरातल्या भिंतीवर आजोबांचा फोटो असतो, तो काही पाहुण्यांना वारसा सिद्ध करून दाखवण्यासाठी नसतो. घरच्यांना आपण कोण आहोत याची आठवण राहावी म्हणून असतो. काका बॅप्टिस्टा आपल्या घरचे, तसेच कुंडलचे लाड आणि येडेमच्छिंद्रचे नाना पाटीलही आपल्या घरचे. त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचा आणि त्यांच्या कामाचा उरलेला भाग पुरा करण्याचा अधिकार या मातीत वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला आहे, मग त्याचा स्नानसंस्कार झालेला असो वा नसो.

वाचकहो, येत्या स्वातंत्र्यदिनी मुलाच्या हाती झेंडा जरूर द्या. पण सायंकाळी जपमाळेच्या वेळी त्याला आणखी एक विनंती करायला शिकवा. ज्याने त्याला दुखावले त्या वर्गमित्राचे नाव घेऊन प्रार्थना करायला शिकवा. गावच्या सरपंचासाठी, नगराध्यक्षासाठी, पुराच्या रात्री नाव वल्हविणाऱ्या अनोळखी माणसासाठी प्रार्थना करायला शिकवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वाटेवर तो गळका नळ दिसला, की थांबून तो घट्ट बंद करायला शिकवा. पवित्र मरिया, आमच्या देशाची आणि आमच्या लेकरांची माता, तुम्हा सर्वांना या कामी बळ देवो.